निऑन रांगोळीची माशी आणि मामाचा डबा

यंदा एप्रिलच्या शेवटी देवगड तालुक्यात मामाकडे गेले ती खरं तर आंबे खायला आणि लॅपटॉपपासून लांब राहायला. पण पहिल्याच रविवारी मामा बागेतून फळमाशीच्या सापळ्यांचे डबे घेऊन आला, पडवीत जुना पेपर पसरला आणि एकेक डबा त्यावर उलटा करून मेलेल्या माश्यांचा ढीग असा काही कौतुकाने बघायला लागला की जणू रसासाठी उतरता आंबा घेणाऱ्या कॅनिंगवाल्याने पैसे रोख दिलेत. "बघ, डबो भरलो," म्हणाला. आणि मी, एमएस्सी कीटकशास्त्र, दहा वर्षं पुण्यात खुर्चीत बसून दुसऱ्यांनी मोजलेल्या किड्यांच्या एक्सेल शीट भरणारी, न राहवून बोलले की मामा, ह्यात मादी एकपण नाहीये.

झालं. पुढचा महिना त्यातच गेला.

ज्यांचा आंब्याशी संबंध फक्त वाटीतला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. फळमाशी म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंगावतात ती चिलटं नव्हेत. ही चांगली घरमाशीएवढी, पिवळट पट्टे, कंबर गांधीलमाशीसारखी, शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. मादी तयार होत आलेल्या आंब्याच्या सालीत सुई खुपसून आत अंडी घालते, अळ्या गर खातात, आंबा पडतो, अळी बाहेर येऊन मातीत इंच-दोन इंच खाली कोषात जाते आणि आठ-दहा दिवसांनी नवी माशी वर. डंख बाहेरून धड दिसतही नाही, आंबा कापला की कळतं, तेही पाहुण्यांसमोर. २०१४ च्या मे महिन्यात युरोपने आपला आंबा बंद केला होता तो ह्याच माशीपायी, बंदी उठली जानेवारी २०१५ मध्ये. मामा अजून त्या सालाचं नाव घेत नाही, "ता वरीस" म्हणतो फक्त.

सापळ्यात प्लायवूडचा ठोकळा असतो, त्याला मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशक पाजलेलं. मामाकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे रक्षक सापळे आहेत. ह्या वासाला नर वेडे होतात, फक्त नर. आपल्या तुळशीतही तेच द्रव्य असतं, म्हणून तुळशीचा पाला चुरून करवंटीत ठेवला की त्यावर माश्या येऊन बसतात. ह्या वेडाचा शोध लागला तोही भारतातच, बिहारमध्ये पुसाला. हाउलेट नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये आधी सिट्रोनेला तेलाला हे नर जमतात असं लिहिलं आणि तीन वर्षांनी मिथिल युजेनॉलपर्यंत पोचला.

तर मुद्दा असा की नर एकापेक्षा जास्त माद्यांशी जुगतो. दहातले नऊ नर डब्यात गेले तरी उरलेला एक बऱ्याच माद्यांना पुरतो. मामी आतून तांदूळ निवडत ऐकत होती, म्हणाली, "पुरुष धा असांदेत नायतर एक, काम तेवढाच." मामाला हे फारसं आवडलं नाही. आता डब्याची बाजू पण सांगायला हवी, पॅसिफिकमधल्या रोटा नावाच्या बेटावर साठच्या दशकात हीच माशी निव्वळ मिथिल युजेनॉलचे विषारी ठोकळे टाकून संपवली होती, पण तिथे बेट होतं, सगळीकडे ठोकळे पडले आणि नर जवळजवळ शून्यावर आले. एका बागेत आठ डबे टांगून आणि शेजारच्या रायवळीखाली पडीचे आंबे तसेच कुजत ठेवून हे होत नाही. म्हणजे डबा भरला ह्याचा अर्थ एवढाच की बागेत नर भरपूर आहेत.

"मगे तुझ्याकडे काय उपाय?" मामा. आणि मी मूर्खासारखी माझ्या कॉलेजातल्या आवडत्या विषयात शिरले. नर मारायचे नाहीत मामा, उलट लाखोंनी पाळायचे, गॅमा किरण द्यायचे आणि सोडायचे.

"नपुंसक करून?"

नाही! इथेच सगळे चुकतात. नपुंसक असता तर उपयोगच नव्हता. तो नर धडधाकट हवा, उडायला हवा, मादीला पटवता यायला हवी, फक्त त्याचं बीज बिघडलेलं हवं. अंडी पडतील पण उबणार नाहीत. म्हणून त्याला वंध्य नर म्हणतात. फळमाशीला किरण देतात ते कोषात असताना, माशी बाहेर पडायच्या साधारण दोन दिवस आधी, कारण तोवर पंख, डोळे, स्नायू सगळं बनून झालेलं असतं आणि बीजाच्या पेशी मात्र अजून विभागत असतात, त्यामुळे मार नेमका तिथे बसतो. मामाने विचारलं की लासलगावाला आंब्याला करतात तेच का. किरण तेच, काम वेगळं. लासलगावला अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला २००७ पासून ४०० ग्रे (किरणांच्या डोसाचं माप) देतात, आत अळी असलीच तर तिचा वंश पुढे जाऊ नये म्हणून. इथे त्याच्या साधारण पाव डोस आणि माशी जिवंत, हुशार, तरतरीत राहायला हवी, ही अट. डोस वाढवला की वंध्यत्व पक्कं पण नर मरतुकडा, कमी केला की नर जोमदार पण अंडी उबायची भीती, ह्या दोन्हीच्या मधे कुठेतरी उभं राहायचं.

कल्पना निपलिंग नावाच्या अमेरिकन माणसाची, गुरांच्या जखमेत अळ्या घालणाऱ्या स्क्रूवर्म माशीसाठी. त्याचा हिशोब मी मामाच्या आंब्याच्या वहीतच मागच्या पानावर करून दाखवला. रानात १० लाख माद्या आणि तेवढेच नर. दर पिढीला २० लाख वंध्य नर सोडा. दर तीन नरांत दोन आपले, म्हणजे तीनातल्या दोन माद्यांची अंडी फुकट, पुढची पिढी ३,३३,३३३. परत २० लाख सोडा, आता आपले सहास एक, पुढची पिढी ४७,६१९. मग १,१०७. मग जवळजवळ कोणीच नाही. फवारणीत कसं, माशी जितकी कमी होत जाते तितकी उरलेली शोधून मारणं कठीण, इथे उलटं, माशी जितकी कमी तितके आपले नर भारी. मामा दोन मिनिटं वही बघत राहिला. मग त्याने असा प्रश्न विचारला की मला वाटलं आमच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनीसुद्धा हा विचारला नव्हता.

"ते सोडलेले नर रानातल्या नरांइतकेच चांगले आसत, ह्या कोणी सांगल्यान?"

कोणीच नाही. तेच तर. हिशोबात धरलेलं असतं की पाळलेला नर आणि रानातला नर बरोबरीचे, पण पाळलेला नर पिढ्यान्पिढ्या ट्रेमध्ये गव्हाचा कोंडा आणि यीस्टवर वाढलेला, पिंजऱ्यात दाटीवाटीने जगलेला, जिथे मादीला पटवायला फार काही करावं लागत नाही कारण ती जाणार कुठे, मग वरून किरण, मग थंड करून डब्यात भरून गाडीने किंवा विमानाने प्रवास, आणि मग एकदम खरं झाड, वारा, कोळी, मुंग्या, पाली. त्याचं काय होतं हे फॅक्टरीत बसून कळत नाही.

मोजायची एक पद्धत आहे फ्राइड नावाच्या शास्त्रज्ञाची, १९७१ ची, मला ती फार आवडते कारण अंक थोडे आणि अर्थ मोठा. तीन पिंजरे घ्या. एकात रानातले नर आणि रानातल्या माद्या, अंडी किती उबतात बघा. दुसऱ्यात फक्त वंध्य नर आणि रानातल्या माद्या. तिसऱ्यात दोन्ही नर, समजा एक रानातला असेल तर नऊ वंध्य. आता उदाहरणादाखल धरू की पहिल्या पिंजऱ्यात १०० तली ९० अंडी उबली, दुसऱ्यात शून्य. नर सगळे बरोबरीचे असते तर तिसऱ्यात ९ च उबायला हवीत. पण उबली ४५, तर? तर नऊ वंध्य नर मिळून एका रानातल्या नराएवढं काम करतायत. नऊ जण मिळून एक! आता हे घेऊन निपलिंगच्या वहीत परत जा, २० लाख नर सोडले पण किंमत सव्वादोन लाखांची, म्हणजे १० लाख माद्यांच्या पुढच्या पिढीला ८ लाख राहिल्या, आणि खऱ्या माश्या तर दर पिढीला वाढतही असतात, म्हणजे सगळे पैसे, सगळी मेहनत हवेत. फॅक्टरी मात्र रिपोर्टात लिहिणार की इतके लाख नर सोडले. मी म्हटलं मामा, हा तुझा डबाच की, फक्त उलटा.

जुन्या लोकांना हे चांगलं कळत होतं. १९५४ मध्ये कुरासाव बेटावर स्क्रूवर्मचा पहिला मोठा प्रयोग झाला तेव्हा त्यांनी काय मोजलं, तर शेळ्या. बेटावर ठिकठिकाणी जखमा केलेल्या शेळ्या बांधून ठेवल्या, माश्या त्या जखमेवर अंड्यांचे पुंजके घालायच्या, ते पुंजके गोळा करायचे आणि किती उबले नाहीत ते बघायचं. शेळ्यांचं वाईट वाटतं, पण विचार किती सरळ! किती माश्या सोडल्या, किती पकडल्या हे सोडा, रानातल्या मादीने घातलेलं अंडं उबलं की नाही ते सांगा. आधी कमी माश्या सोडल्या तर फारसा फरक दिसला नाही, मग चौपट सोडल्या आणि काही महिन्यांत बेट मोकळं.

आता माझ्याकडे ना फॅक्टरी ना गॅमा किरण ना शेळी. पण मामाला "दाखव" म्हणायची सवय आणि मला आता खाज सुटलेली. म्हणून मी ठरवलं की वंध्य नाही तर नाही, साधेच नर घेऊन त्यांच्या क्वालिटीच्या टेस्ट पडवीत करून बघू.

रायवळीखालचे पडके आंबे दोन टोपल्या आणले, टबात वाळू घालून त्यावर ठेवले, वर जुनी साडी बांधली. वास काय सुटला म्हणता! मामी तीन दिवस काही बोलली नाही आणि चौथ्या दिवशी बोलली, "चेडवा, माशी मारूची की पाळूची ता आधी ठरव." आठवडाभराने वाळू चाळली तर तांबूस तपकिरी, तांदळाच्या दाण्याएवढे कोष, पाचशेच्या वर.

पहिली टेस्ट उडण्याची. जगभरातल्या फळमाशीच्या फॅक्टऱ्यांत ही होते: दहा सेंटीमीटर उंचीची काळी नळी, आतून टाल्कम पावडर लावलेली, खाली कोष ठेवायचे. पावडरीमुळे माशीला भिंतीवरून चालत वर येता येत नाही, पाय घसरतो, म्हणजे जी बाहेर आली ती उडूनच आली. इतकी साधी आणि इतकी कठोर परीक्षा मी दुसरी पाहिली नाही. मी बोअरवेलच्या उरलेल्या पाइपाचे तुकडे कापून आतून काळा कागद चिकटवला, पावडर मामाची, त्याला वास आवडतो ती चंदनाची. बाहेर आलेल्या माश्या पळू नयेत म्हणून सगळं बाळाच्या छत्रीवाल्या मच्छरदाणीत, मामीच्या नातवाची ती.

दुसरी गोष्ट खूण. सोडलेली माशी आणि रानातली माशी सापळ्यात ओळखायची कशी? सफरचंदातल्या कॉडलिंग मॉथ ह्या पतंगावर कॅनडाच्या ओकानागन खोऱ्यात मोठं काम झालंय, तिथे पतंगाच्या अळीला खाण्यातूनच लाल रंग दिलेला, सापळ्यातला पतंग चिरडला की आत लाल, म्हणजे आपला. फळमाशीत ह्याहून भारी प्रकार आहे. कोषांना चमकणारी पावडर चोळतात. माशी कोष फोडून बाहेर येताना कपाळावर एक फुग्यासारखी पिशवी फुगवते, तिने ढकलत ढकलत माती बाजूला सारते, आणि मग ती पिशवी डोक्यात कायमची आत जाते. जाताना पावडर घेऊन जाते! अंगावरची रंगपूड झटकली गेली तरी कपाळाच्या खाचेत ती राहतेच, जांभळ्या-निळ्या टॉर्चखाली डोकं चमकतं. मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हाही वाटलं होतं आणि आता स्वतः बघितल्यावर तर जास्तच, की एवढी सोय कोणी मुद्दाम केली असती तरी जमली नसती.

पावडर म्हणून मी दिवाळीची उरलेली निऑन रांगोळी वापरली, पोपटी, अजून बारीक खलून. टॉर्च बाजारातल्या दुकानातून, नोटा तपासायचा. आणि इथे माझी चूक झाली ती सांगते. खूण नक्की दिसावी म्हणून मी पहिल्या शंभर कोषांना भरपूर रांगोळी चोळली, अगदी शिमग्यासारखी. नळीतून बाहेर उडाल्या ३१. बाकीच्या आत, पंख चिकटलेले, डोळ्यांवर पोपटी थर, गोल गोल फिरतायत. बिनरांगोळीच्या शंभरातल्या ८४ उडाल्या होत्या. म्हणजे माशी वाईट नव्हती, मी तिला ओळखता यावं म्हणून तिला निकामी केलं होतं, आणि तशीच सोडली असती तर चारदोन सापडल्या असत्या आणि मी छातीठोक लिहिलं असतं की माशी फार लांब जात नाही बुवा. पुढच्या वेळी चिमूटभरच, तेव्हा ७९.

तिसरी टेस्ट ४८ तास अन्नपाण्याविना किती जगतात ती. खरी टेस्ट ठराविक तापमानात करतात, पडवीतल्या मेच्या उकाड्यात काय होणार ते झालं, सोडून देते.

मग माद्या वेगळ्या काढल्या, त्यांच्या शेपटाला सुई दिसते त्यामुळे सोपं असतं, आणि साबणाच्या पाण्यात टाकल्या. नर ठेवले. नर आंब्याला डंख मारत नाही आणि बागेत आधीच हजारो नर आहेत, त्यात शेदीडशेने काय होतंय, असं मी मामाला पटवलं, मामा पटला तो वेगळ्याच कारणाने, "माझ्याच डब्यात येतले." पण लगेच सोडून चालत नाही, नर वयात यायला दहा-पंधरा दिवस लागतात, त्याआधी त्यांना मिथिल युजेनॉलचं काही वाटत नाही. तोवर साखर, पाणी आणि बेकरीचं यीस्ट. प्रथिनं नाही मिळाली तर नर दिसायला ठीक पण मादीपुढे ढिला पडतो, हे फळमाश्यांच्या बाबतीत बऱ्याच ठिकाणी दिसलंय. वंध्य नर सोडणारे आता सोडण्याआधी नीट खायला घालतात ते त्यामुळेच.

त्या पंधरा दिवसांत मी रोज संध्याकाळी कलमाखाली जाऊन बसायचे. ह्या माशीचं लग्न तिन्हीसांजेला असतं, दिवस कलला की नर पानाच्या खालच्या बाजूला आपापली जागा धरतात, एकाच झाडावर बरेच, आणि पंख थरथरवत वास पसरतात, मादी येते, बघते, बहुतेकांना नाकारून निघून जाते. मामी रोज ओटीवरून हाक मारायची की दिवेलागणीला झाडाखाली बसू नको गो. मी बसायचे. मला जोडी दिसली एकूण चार वेळा, मान मोडून.

खऱ्या अभ्यासात ह्याचीच परीक्षा घेतात. अख्ख्या झाडाभोवती जाळीचा तंबू, आत पाळलेले वंध्य नर, रानातले नर आणि रानातल्या माद्या, नरांच्या पाठीवर वेगवेगळ्या रंगाचे ठिपके, आणि माणूस आत बसून प्रत्येक जोडी छोट्या बाटलीत पकडतो आणि लिहितो की मादीने कोणाला निवडलं. सगळी मशीनं, किरण, डोस, शेवटी उत्तर त्या मादीकडे. आणि ती शिकते! ओकिनावात कारल्या-काकडीवरची फळमाशी, आपल्याकडे पडवळ-दोडक्याला लागते तीच, वंध्य नर सोडून १९९३ मध्ये पूर्ण संपवली, जपानी लोकांचं वीस वर्षांचं काम आहे ते. पण मधल्या काळात तिथल्या शास्त्रज्ञांना दिसलं की रानातल्या काही माद्या फॅक्टरीतल्या नरांना जवळच येऊ देत नाहीयेत. उघड आहे, ज्या भुलल्या त्यांची अंडी उबली नाहीत, ज्या चिकित्सक त्यांच्याच मुली उरल्या. हे मामीला सांगितलं तर ती एवढी खूश झाली की त्या दिवशी मला घावने मिळाले.

उलट टोकाची गोष्ट कॅलिफोर्नियाची, १९८१. भूमध्य फळमाशीवर वंध्य माश्या सोडत होते, त्यातल्या पेरू देशातून आलेल्या खेपेत वंध्य न झालेल्या माश्या निघाल्या. म्हणजे आपणच कीड वाटत फिरायचं. म्हणून कोषांच्या डब्यावर एक स्टिकर लावतात, त्यावर "किरण दिलेले नाहीत" अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असतात आणि किरण लागले की त्यातला "नाहीत" तेवढा काळा पडून झाकला जातो. एका शब्दावर सगळी बाग.

आणि मामाच्या डब्याचं काय? हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला कारण समजा उद्या इथे वंध्य नर आलेच तर हे मिथिल युजेनॉलचे डबे आपलेच नर गिळणार. त्यावर उत्तर आहे आणि ते गमतीदार आहे. नराला सोडण्याआधीच मिथिल युजेनॉल चाखवलं की दोन गोष्टी होतात: तो परत त्या वासाकडे पूर्वीसारखा धावत नाही, आणि माद्यांना तो जास्त आवडायला लागतो, कारण ते द्रव्य पचवून तो त्याचा वास स्वतःच्या वासात मिसळतो. रानातले नर ह्या द्रव्याला एवढे वेडे का, ते ह्यातूनच कळतं, तो त्यांचा अत्तराचा फाया आहे. पण माझं मत विचाराल तर आपल्या किनाऱ्यावर हे एवढ्यात जमेल असं मला वाटत नाही, कारण एकाची कलमं खंडाने दिलेली, दुसऱ्याचा मालक मुंबईत, मधे रायवळ, पेरू, जाम, चिकू, आणि रानात आधीच जुगलेली मादी शेजारून उडत येणार तिला आपला नर काय करणार. बेट असतं तर गोष्ट वेगळी.

२६ मेला संध्याकाळी १४० नर सोडले. मच्छरदाणीची चेन उघडली तर निम्मे बसून राहिले, मग उठले. सापळे मी पंचवीस, पन्नास, शंभर आणि दोनशे पावलांवर हलवले होते, मामाच्या कुरबुरीसकट. रोज सकाळी डबे आणायचे, पडवीचं दार लावून अंधार करायचा आणि टॉर्चने एकेक माशीचं कपाळ बघायचं. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मामालाच दिसली, ढिगात एक पोपटी ठिपका, आणि हा साठ वर्षांचा माणूस असा ओरडला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. आठवडाभरात आमच्या डब्यांत १० आल्या, बहुतेक पंचवीस आणि पन्नास पावलांच्या. मी वहीत लिहिलं की फार लांब जात नाहीत, आणि लिहिता लिहिताच थांबले, कारण सापळे मी जवळच जास्त लावलेत तर जवळच जास्त मिळणार ना. दोनशे पावलांच्या पुढे माझा सापळाच नव्हता.

मग मामा टॉर्च घेऊन व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, शेजाऱ्याच्या काजूच्या बागेत गेला. त्यांच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे गेली काही वर्षं, कारण मला माहीत आहे पण लिहीत नाही. काय बोलला कोण जाणे, तासाभराने परत आला तो कागदाच्या पुडीत माश्या घेऊन. दार लावलं. एक पोपटी कपाळ होतं. आम्ही पावलं मोजली, व्हाळ धरून सहाशेच्या वर. "ते म्हणतत तुमची माशी आमच्या डब्यात इली, आता आंब्याची पेटी धाडा," मामा म्हणाला, आणि खरंच पेटी पाठवली, दोन डझनाची, कॅनिंगची नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला, डब्यांत पाणी शिरलं, ठोकळे भिजले, माझी रजा संपली. खरा आकडा म्हणाल तर माझ्याकडे नाही, डंख लागलेले आंबे आधी किती नंतर किती हे मी मोजलंच नव्हतं, आणि नर साधेच असल्यामुळे मोजून कळलंही काही नसतं.

परवा मामाचा फोन आला. टॉर्च बिघडला म्हणे, रोज रात्री डबे बघतो पण "पाचशेची नोट चमकता, माशी चमकना नाय." मी म्हटलं मामा, रांगोळीवाल्या आता म्हाताऱ्या होऊन मेल्या असतील.

"मगे नवीन कधी लावतंस?"

मागून मामी ओरडली की आधी माझ्या नातवाची मच्छरदाणी नवीन आणा.